कौतुक नको, तास हवेत

वाचकांचे प्रश्न : डिमेन्शियाच्या पेशंटला घरी सांभाळणाऱ्यांसाठी

प्रश्न मागवले होते डिमेन्शियाबद्दल, म्हणजे स्मृतिभ्रंशाबद्दल, पण आलेली बहुतेक पत्रं पेशंटबद्दल नाहीतच, सांभाळणाऱ्यांची स्वतःची आहेत. कुणी पहाटे लिहिलंय, कुणी वरतीच 'छापलं तरी चालेल पण नाव नको' असं लिहून सुरुवात केलीय. नावं, गावं, नोकऱ्या सगळं काढून टाकलंय, काळजी करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता, आणि त्यांच्या देखभालीतले साधारण ७० टक्के तास बायका देतात. पेशंटची फाइल असते, रिपोर्ट असतात, सांभाळणाऱ्याची कुठेच नोंद नसते. यावेळचं सदर पूर्ण त्यांच्यासाठी.

प्रश्न : सासूबाईंना अल्झायमर आहे, चार वर्षं झाली. दिवसभर घरात मी आणि त्याच. दर पाच मिनिटांनी विचारतात 'हे कधी येणार', म्हणजे माझे सासरे, आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झालीत. परवा सकाळपासून तेच चालू होतं. दुपारी मी ओरडले, 'ते गेले, नाहीयेत ते, किती वेळा सांगू', आणि त्यांचा दंड इतका जोरात धरला की संध्याकाळी तिथे काळंनिळं झालेलं दिसलं. त्यांना काहीच आठवत नाही. मला सगळं आठवतंय. नवऱ्याला सांगितलेलं नाही. मी वाईट आहे का?

उत्तर : नाही, वाईट नाही. पण झालं त्यावर मी पांघरूणही घालणार नाही, कारण तुम्ही स्वतःच ते घातलेलं नाही, उलट धीर करून लिहून कळवलंय.

आधी त्या काळ्यानिळ्या डागाचं. आजच नवऱ्याला सांगा. गुन्हा कबूल करतोय अशा सुरात नको, सरळ सांगा की 'माझ्याच्याने हे एकटीने होत नाहीये, परवा माझा हात जोरात पडला आणि असंच चालू राहिलं तर पुन्हा होईल'. ही गोष्ट लपवली की पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, कारण ज्या परिस्थितीत ती घडली ती परिस्थिती तशीच राहते ना. सासूबाईंच्या डॉक्टरांनाही फोन करून सांगा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर थोड्या दाबानेही काळंनिळं होतं, ते त्यांनी एकदा बघितलेलं बरं. आणि चांगले डॉक्टर तुमच्यावर ओरडणार नाहीत, त्यांना कळेल की या घरात आता मदत लागणार आहे.

आता तो प्रश्न, 'हे कधी येणार'. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग नवीन गोष्टी साठवतो तो अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारात, सुरुवातीलाच खराब व्हायला लागतो. त्यामुळे तुमचं उत्तर त्यांनी ऐकलं, त्यांना कळलं, पण ते आत जमाच झालं नाही. तुमच्यासाठी तो शंभरावा प्रश्न असतो, त्यांच्यासाठी पहिलाच. म्हणजे 'ते गेले' हे सांगितलं की दर वेळी त्यांना नवऱ्याच्या मृत्यूची बातमी नव्याने कळते. म्हणून सांगते, प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी त्यामागच्या भावनेला द्या. 'आठवण येतेय का त्यांची? कसे होते हो ते, सांगा ना मला.' यात खोटं काही नाही. बऱ्याचदा त्या बोलायला लागतात आणि प्रश्न थोडा वेळ तरी मागे पडतो. दर वेळी जमेलच असं नाही, काही दुपारी काहीच चालत नाही, तेही माहीत असू द्या.

आणि एक गोष्ट, जी ऐकायला कडू आहे पण आधारही तीच देईल. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या पेशंटना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या फिल्म दाखवल्या. थोड्या वेळाने त्यांना फिल्ममधलं जवळजवळ काहीच आठवत नव्हतं, पण त्यामुळे आलेलं दुःख किंवा आनंद मात्र अर्ध्या तासानेही टिकून होता. म्हणजे 'त्यांना कुठे आठवतंय' असं म्हणून आपण सुटत नाही, ओरडण्याची भीती राहते. पण मग तुम्ही शांतपणे केस विंचरून दिलेत, हात हातात घेऊन बसलात, तेही राहतं. चार वर्षांत तुम्ही असं जे काही केलंत ते वाया गेलं नाही, त्या विसरल्या तरी.

राग येण्याबद्दल. राग अचानक आल्यासारखा वाटतो पण त्याच्या आधी एक अख्खी सकाळ झालेली असते, आणि त्याच्याही आधी एक रात्र. आठवडाभर एका वहीत फक्त एवढंच लिहा, राग कधी आला, त्याच्या आधी काय चाललं होतं, आदल्या रात्री किती झोपलात. नंतर वाचून बघा, काहीतरी सापडेल, बहुतेक वेळा झोपच सापडते. हे मी मनाचं सांगत नाहीये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 'स्टार्ट' नावाचा एक कार्यक्रम केला होता, सांभाळणाऱ्या नातेवाईकाबरोबर आठ बैठका, त्यात असंच स्वतःच्या प्रसंगांवर बोलणं, वागणुकीची कारणं शोधणं, मन शिथिल करणं, पुढचं नियोजन करणं. शिकवणारे मोठे डॉक्टर नव्हते, सायकॉलॉजी शिकलेली तरुण पदवीधर मुलं होती, त्यांना ट्रेनिंग दिलं होतं आणि वर सुपरव्हिजन होतं. २०१३ मध्ये त्याचे निकाल आले, सांभाळणाऱ्यांमधली डिप्रेशनची आणि चिंतेची लक्षणं कमी झाली होती, आणि दोन वर्षांनी बघितलं तेव्हाही तो फरक टिकलेला होता. जवळच्या कुठल्याही बऱ्या काउन्सेलरकडे तुम्ही याच प्रकारचं काम मागू शकता.

आणि त्या क्षणी काय करायचं? दात आवळले गेले, आवाज चढला, की त्या सुरक्षित बसल्यात ना एवढं बघा आणि खोलीतून बाहेर पडा. बाथरूममध्ये जा, दार लावा, श्वास आत घ्याल त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडा, दोन-तीन मिनिटं. त्या बाहेरून हाक मारत राहतील. मारू देत. दोन मिनिटं उत्तर मिळालं नाही म्हणून त्यांचं काही बिघडत नाही, तुम्ही थांबलात तर बिघडू शकतं.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. 'दिवसभर घरात मी आणि त्याच' हे तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य आहे आणि बाकीचं सगळं पत्र त्यातूनच आलंय. नवऱ्याकडे 'जरा मदत कर' अशी मदत मागू नका, त्याला कुणीही 'हो' म्हणतं आणि काही होत नाही. वार आणि वेळ सांगा. 'मंगळवारी आणि शुक्रवारी सहा ते नऊ आई तुझ्याकडे, रविवारची सकाळ पूर्ण तुझी, मी घरात नसेन.' आणि खरंच नसा. घरात राहिलात तर पाचव्या मिनिटाला तुम्हालाच हाक येईल. तो गाऊन उलटा घालेल, औषध अर्धा तास उशिरा देईल, त्याला करू द्या, त्यालाही हे शिकायलाच हवंय, त्याची आई आहे.

प्रश्न : वय ७४. पत्नीला सहा वर्षांपासून डिमेन्शिया. आता ती मला ओळखत नाही, रात्री 'तुम्ही कोण, माझ्या खोलीत काय करताय' म्हणून घाबरते. मी बाहेर खुर्चीवर बसून राहतो. लोक म्हणतात निदान ती आहे तरी. मला मात्र ती गेल्यासारखं रडू येतं, आणि मग लाज वाटते. माझी स्वतःची शुगरची तपासणी वर्षभर राहिली आहे. मुलांना त्रास द्यायचा नाही.

उत्तर : काका, लाज वाटायचं काही कारण नाही. जे गेलंय त्यासाठीच तुम्ही रडताय. इतक्या वर्षांच्या गप्पा, भांडणं, एकमेकांना माहीत असलेल्या हजार गोष्टी, यातलं बरंच काही आज तुमच्या एकट्याकडे उरलंय, आणि ती व्यक्ती समोर बसलेली आहे. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी अशा दुःखाचा अभ्यास १९७० च्या दशकात सुरू केला, तेव्हा त्या व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करत होत्या, पुढे त्यांना डिमेन्शियाच्या घरांमध्येही तेच दिसलं. माणूस आहे आणि नाही, दोन्ही खरं. मेल्यावर चार माणसं भेटायला येतात, रडायची परवानगी असते, इथे तसं काहीच नाही, उलट 'निदान आहे तरी' असं ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा तुम्ही रडा, आणि कुणातरी एकासमोर रडा, मित्र असेल, भाऊ असेल, किंवा सांभाळणाऱ्यांचा सपोर्ट ग्रुप असेल. अशा ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी काही बोलावं लागत नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं, आणि तिथे कुणी 'निदान आहे तरी' म्हणत नाही.

रात्रीचं : 'अगं मी तुझा नवरा' असं पटवायला जाऊ नका, त्यांना त्या क्षणी दिसतोय तो म्हातारा अनोळखी माणूस आहे आणि त्यांच्या डोक्यातला नवरा कदाचित तिशीचा आहे. 'बरं, मी बाहेर बसतो, काही लागलं तर सांगा' असं म्हणून मागे व्हा, खोलीत मंद दिवा राहू द्या, दहा मिनिटांनी पुन्हा आत जा, हळू आवाजात, समोरून, मागून नको. त्यांच्या आवडीचं एखादं जुनं गाणं गुणगुणत गेलात तर कधीकधी आवाज ओळखतात, चेहरा नाही ओळखला तरी. आणि हे रोज रात्री होत असेल तर डॉक्टरांना सांगा. झोपेच्या किंवा शांत करायच्या गोळ्या स्वतःहून मात्र अजिबात देऊ नका, डिमेन्शियाच्या काही प्रकारांमध्ये, विशेषतः ल्युई बॉडी प्रकारात, त्यातली काही औषधं फार त्रास देतात.

आता शुगर. वर्षभर तपासणी नाही हे वाचून मला खरंच काळजी वाटली. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी-सत्तरी ओलांडलेले नवरा-बायको चार वर्षं पाहिले होते. जोडीदाराला सांभाळताना ज्यांच्यावर ताण येत होता त्यांच्यात मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. पण जे सांभाळत होते आणि ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात तसा वाढलेला दिसला नाही. म्हणजे सांभाळण्यापेक्षा घात करतो तो ताण, आणि ताण वाटून घेता येतो. मुलांना त्रास द्यायचा नाही म्हणता, पण काका, उद्या तुम्ही चक्कर येऊन पडलात तर मुलांना एका रात्रीत दोन पेशंट सांभाळावे लागतील. याच आठवड्यात एकाला फोन करा, 'मला तपासणीला जायचंय, सकाळी चार तास आईजवळ ये'. एवढंच मागा. पुढचं पुढे.

प्रश्न : मी दुसऱ्या शहरात राहतो. आईला बहीण सांभाळते. मी दर महिन्याला पैसे पाठवतो, रोज फोन करतो, डिमेन्शियावर वाचलेलं तिला पाठवतो. हल्ली ती फोनवर तुटक बोलते, परवा म्हणाली 'तू फक्त विचार, करायला मी आहेच'. मी तिला सगळ्यांसमोर म्हणतो की तू आहेस म्हणून आई आहे. अजून काय करायला हवं?

उत्तर : ताईचं वाक्य पुन्हा वाचा, उत्तर त्यात आहे. पैसे पाठवताय ते चांगलंच आहे, ते थांबवू नका, कितीतरी घरांत तेही होत नाही. पण रोजच्या फोनमध्ये तुम्ही विचारता 'आई कशी आहे', आणि मग एखादा लेख पाठवता की आईला असं करून बघ. तिच्या बाजूने बघा, ती सकाळपासून चादर दोनदा बदलून बसलीय, आईने अंघोळीला नाही म्हणत तासभर घालवलाय, आणि फोनवर तिला रिपोर्ट द्यायचाय आणि वर होमवर्क घ्यायचाय. तुमचा हेतू तसा नाही हे मला कळतंय, तिलाही कळत असेल, पण दमलेल्या माणसाला हेतू दिसत नाही. आणि 'तू आहेस म्हणून आई आहे' हे कौतुक ऐकायला गोड असलं तरी त्याचा अर्थ तिच्यापर्यंत असा पोचतो की आता तुला सुटका नाही.

कौतुक नको, तास द्या. लांबून तास देता येतात का? येतात, पण त्यासाठी काम डोक्यासकट उचलावं लागतं, 'सांग काय करू' असं विचारून नाही, कारण काय करायचं हे आठवत राहणं हेच अर्धं काम असतं. औषधं संपायच्या आत ऑर्डर करणं, ते आजपासून तुमचं, तिने आठवण करायची वेळ येता कामा नये. डॉक्टरांची अपॉइंटमेंट, रिपोर्टची फाइल, बँक, विमा, बिलं, तुमचं. मदतनीस बाई ठेवायची असेल तर शोधणं, बोलणं, पगार देणं, आणि ती सकाळी आलीच नाही तर पर्यायी व्यवस्था करणं, हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, तेही तुमचं. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करून आईशी अर्धा तास तुम्ही बोला, तिला तेच तेच सांगू द्या, जुने फोटो दाखवा, आणि त्या वेळात बहिणीने फोनजवळ बसायचं नाही. ती नुसती गॅलरीत उभी राहिली तरी तो अर्धा तास तिचा.

आणि वर्षातून काही वेळा स्वतः जा, पाहुणा म्हणून नको, ड्यूटीवर. आठवडाभर आईला तुम्ही सांभाळा आणि बहिणीला घराबाहेर पाठवा. पहिले दोन दिवस आई चिडेल, 'ती कुठंय' विचारत राहील, तुम्हाला फोन करून बहिणीला बोलवावंसं वाटेल. करू नका. तिसऱ्या रात्री तीन वाजता आई सगळी भांडी बाहेर काढून बसली की तुम्हाला ताईचा तुटक आवाज कुठून येतो ते कळेल आणि त्यानंतर तुम्ही तिच्याशी जसं बोलाल तसं आत्ता कितीही वाचून बोलता येणार नाही.

अजून एक करा, सगळ्या भावंडांची, काकांची, मोठ्या भाच्यांची एक बैठक घ्या, शक्यतो एखादा काउन्सेलर किंवा डॉक्टर मध्ये ठेवून. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०६ नवरा-बायकोंवर मोठा अभ्यास केला होता, सांभाळणाऱ्या जोडीदारांना वैयक्तिक काउन्सेलिंग दिलं, शिवाय बाकीच्या कुटुंबाबरोबर चार बैठका घेतल्या, सपोर्ट ग्रुप दिला आणि नंतर लागेल तेव्हा फोनवर मदत. २००६ मध्ये जे निकाल आले त्यात या घरातले पेशंट नर्सिंग होममध्ये जायचं सरासरी दीड वर्ष लांबलं होतं. औषध पेशंटला नाही, आधार सांभाळणाऱ्याला, आणि फायदा दोघांना. मला हा अभ्यास आवडतो तो त्या चार कौटुंबिक बैठकांमुळे, कारण घराघरात तीच बैठक होत नाही, प्रत्येकजण बहिणीशी वेगवेगळं बोलतो आणि एकमेकांशी कुणीच बोलत नाही.

आणि उद्याच्या फोनला पहिला प्रश्न आईबद्दल विचारू नका. 'काल किती झोपलीस' विचारा आणि उत्तर ऐका, लगेच उपाय सांगू नका.

प्रश्न : बाबा तसे बरे चालले होते, पण दोन दिवसांपासून एकदम बडबडतायत, भिंतीवर माणसं दिसतात, मधेच गुंगीत जातात. मी परवा त्यांच्यावर चिडले होते. माझ्यामुळे त्यांचा आजार वाढला का?

उत्तर : तुम्हाला मी पत्र येताच वेगळं उत्तर पाठवलंय, इथे बाकीच्यांसाठी देते. चिडण्याने डिमेन्शिया असा दोन दिवसांत वाढत नाही. डिमेन्शिया महिन्या-वर्षांच्या हिशोबाने सरकतो, तासा-दिवसांत इतका बदल झाला तर तो बहुधा डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्या बिघाडामुळे अचानक आलेला भ्रम असतो, आणि त्यामागे लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, शरीरात पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, दुखापत असं काहीतरी असतं. पुष्कळदा बरा होतो, पण डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्यावं लागतं. स्वतःला दोष देत बसाल तर तोच वेळ जाईल.

प्रश्न : आईला मी वचन दिलं होतं की तुला कधी कुठे ठेवणार नाही. आता ती उठत नाही, रात्रभर ओरडते, माझी नोकरी गेली, मला पाठीचं दुखणं लागलंय. घरचे म्हणतात केअर होम बघू. मी होकार दिला तर आयुष्यभर स्वतःला माफ करू शकेन का?

उत्तर : ते वचन तुम्ही दिलंत तेव्हा आई चालत होती, रात्री झोपत होती, आणि हे सगळं पुढे येणार हे दोघींनाही माहीत नव्हतं. वचनाच्या आत काय होतं? 'तुला टाकणार नाही.' ते आजही पाळता येईल, जागा बदलली तरी. उठत नसलेल्या माणसाला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि हे दिवसरात्र एका दुखऱ्या पाठीच्या बाईने करणं शक्यच नाही, तिथे तीन पाळ्यांमध्ये माणसं लागतात. हे हिशोबाचं सांगतेय, प्रेमाचं नाही.

पण तुम्हाला खोटा दिलासाही देणार नाही. अभ्यास असं दाखवतात की पेशंटला संस्थेत ठेवलं म्हणजे सांभाळणाऱ्याचं डिप्रेशन आपोआप उतरत नाही, अपराधी वाटणं आपल्याबरोबर घरी येतं. म्हणून आई तिथे गेल्यावर तुमचं काउन्सेलिंग बंद करू नका, खरं तर तेव्हाच सुरू करा. जागा बघायला जाल तेव्हा न सांगता संध्याकाळी जा, तेव्हा माणसं कमी असतात. वास येतोय का, कुणी हाक मारली तर किती वेळात कुणी येतं, पेशंटना बांधून ठेवलेलं दिसतं का, तिथल्या लोकांना पेशंटची नावं माहीत आहेत का, हे बघा. मग एका कागदावर आईबद्दल लिहून द्या, कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, अंघोळीला कशाची भीती वाटते, कुठलं गाणं लावलं की शांत होते. हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. आता मुलगी म्हणून जवळ जाऊन बसा, बाकीचं त्यांना करू द्या.

प्रश्न : हे कुणालाच बोललेलो नाही. कधीकधी रात्री वाटतं की बाबा झोपेतच गेले तर बरं. मग स्वतःची किळस येते.

उत्तर : बरं झालं इथे बोललात. हा विचार इतक्या जणांना येतो आणि इतके कमी बोलतात की प्रत्येकाला वाटतं आपणच एकटे राक्षस आहोत. २००३ मध्ये अमेरिकेत डिमेन्शियाच्या पेशंटना सांभाळणाऱ्या २१७ कुटुंबीयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, पेशंटच्या मृत्यूआधी आणि नंतर त्यांच्याशी बोलले होते. ७२ टक्के लोकांनी सांगितलं की मृत्यूने आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि ९० टक्क्यांहून जास्त जणांना वाटलं की पेशंटचीही सुटका झाली. ही सगळी तीच माणसं होती जी आठवड्यातले कितीतरी तास हातात घास घेऊन बसली होती. तुम्हाला बाबांचा शेवट हवाय की त्यांच्या त्रासाचा, तुमच्या जागरणाचा? मला वाटतं दुसरं.

एक मात्र नीट तपासा. हा विचार बाबांबद्दलच आहे की कधी स्वतःबद्दलही येतो, की आपणच नसलो तर बरं? किंवा बाबांना आपणच काहीतरी करून बसू अशी भीती वाटते? यातलं काहीही असेल तर आजच, उद्या नाही, घरातल्या कुणाला तरी जवळ बोलवा, हेल्पलाइनला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला फोन करा, आणि आज रात्री एकटे राहू नका. तसं नसलं तरी दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, भूक-झोप गेली असेल, सतत निराश वाटत असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. बाबांच्या फाइलशेजारी स्वतःची एक फाइल करा. झॅरिट स्केल म्हणून २२ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, सांभाळणाऱ्यावर किती भार आहे ते मोजायला १९८० च्या दशकापासून वापरतात, ती डॉक्टरांकडे मागा. तोंडाने 'मी थकलोय' म्हणायला जड जातं, कागदावर 'नेहमी' अशी खूण करायला तेवढं जात नाही.

प्रश्न : आईला अल्झायमर आहे, मी ४६ ची. हल्ली मी चाव्या विसरते, शब्द आठवत नाहीत, गॅस बंद केला का ते दोनदा बघते. मलाही सुरू झालंय का? ही भीती मला झोपू देत नाही.

उत्तर : अनेक सांभाळणाऱ्यांना ही भीती असते आणि ती पोटात धरून ते रोज आईला भरवत असतात. उतारवयातला अल्झायमर आईकडून मुलीकडे सरळ येत नाही, घरात असेल तर धोका थोडा वाढतो इतकंच. थेट एका जीनमुळे येणारा प्रकार फार दुर्मीळ आहे आणि तो सहसा कमी वयात, पासष्टीच्या आधीच सुरू होतो, तेव्हा आईला किती वयात सुरुवात झाली आणि घरात अजून कुणाला होतं का हे डॉक्टरांना सांगा. २०२४ च्या लॅन्सेट कमिशनने १४ अशा गोष्टी सांगितल्या ज्यांच्यावर काम केलं तर जगातले साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतात, त्यात ब्लड प्रेशर, डायबेटिस, कमी ऐकू येणं, एकटेपणा, डिप्रेशन आहे. म्हणजे तुमच्या हातात बरंच आहे, आणि त्यातलं बरंचसं सांभाळण्याच्या धावपळीत पहिलं सुटतं.

तुमच्या विसराळूपणाची याहून साधी कारणं आधी बघायला हवीत. रात्रीतून तीनदा उठणारी बाई चाव्या विसरणारच, लक्षच गेलं नाही तर आठवणार काय. डिप्रेशनमध्ये, चिंतेत, मेनोपॉजच्या आसपास, थायरॉइड कमी असेल तर, बी-१२ कमी असेल तर असंच होतं. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन ब्लड प्रेशर, शुगर, थायरॉइड, बी-१२ करून घ्या आणि रात्री किती वेळा उठता ते त्यांना खरं सांगा. आईजवळ आठवड्यातल्या निदान दोन रात्री दुसऱ्या कुणाला तरी झोपवा, त्या दोन रात्री तुम्ही वेगळ्या खोलीत, दार लावून. महिनाभराने बघा. तरीही कमी झालं नाही, किंवा कामात चुका व्हायला लागल्या आणि घरच्यांच्याही लक्षात यायला लागलं, तर न्यूरोलॉजिस्टकडे जाऊन मेमरी टेस्ट करून घ्या, आणि जाताना बरोबर कुणाला तरी न्या.